फिनिश–मंगोलियन सोयरीक

प्रूफवाल्यांनी बत्तीस वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका पकडल्या. स्वतःच्या चुका पकडायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो विभाग तसा मोकळाच राहिला होता.

फिनिश आणि मंगोलियन या दोन भाषा एकाच आईच्या लेकी आहेत, हे सिद्ध करायचं वेड त्यांना ऐन तिशीत लागलं. दोन्ही भाषा त्यांनी कुणाच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. जे काही होतं ते शब्दकोशातून आणि व्याकरणाच्या दोन जुन्या पुस्तकांतून. "ना ओळख ना पाळख, आणि निघाले सोयरीक जुळवायला," असं त्यांची बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची. या दोन भाषांचं रक्ताचं नातं बहुतेक तज्ज्ञ आता मानत नाहीत, हे प्रूफवाल्यांच्या वाचनात आलं होतं. पण तज्ज्ञांकडे आपली कार्डं कुठे आहेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

कार्डं मात्र खरोखर होती. एका कार्डावर एक शब्द, खाली अर्थ. फिनिश निळ्या कार्डावर, मंगोलियन पिवळ्या. भाषेचं नाव लिहायचं नाही; रंग आहे की! ही युक्ती आपल्याला सुचली याचा त्यांना इतका अभिमान होता, की ती त्यांनी पोस्टमास्तरांना तीनदा समजावून सांगितली होती.

आज पाच वाजता वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. व्याख्यान झाल्यावर ग्रंथपालबाई त्यांचा नव्वद पानी निबंध बांधून घेऊन कपाटात ठेवणार होत्या. हजारो पुस्तकं प्रूफवाल्यांच्या हाताखालून गेली, पण एकावरही त्यांचं नाव नव्हतं. आता एकावर येणार होतं. चार दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं, ते याच आनंदाने की भीतीने, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

सकाळी अकराला बायको कार्डांचे गठ्ठे दोऱ्याने बांधून देत होती. प्रूफवाले आरशासमोर उभे राहून "सन्माननीय श्रोतेहो" म्हणून बघत होते.

"अहो, हे दोन पिवळे वेगळे आहेत."

"पिवळा तो पिवळा. त्यात वेगळं काय?"

"चाळीस वर्षं कापडाला दोरा जुळवतेय मी. मला नका शिकवू. हा रंगाचा पिवळा आहे. आणि हा म्हातारपणाचा. मूळचं पांढरं कार्ड आहे हे, ऊन खाऊन पिवळं पडलंय."

"पांढरी कार्डं मी कधी वापरलीच ना—" म्हणता म्हणता प्रूफवाले थांबले. वापरली होती. अगदी सुरुवातीला. फिनिशसाठीच. घर बदलताना ती पेटी हरवली असं समजून त्यांनी सगळे शब्द नव्याने निळ्या कार्डांवर उतरवले होते. पुढे केव्हातरी माळ्यावरच्या झरोक्याखाली, उन्हात, एक उघडी पेटी सापडली. पिवळी कार्डं दिसली, म्हणून त्यांनी ती आनंदाने मंगोलियनमध्ये मिसळून टाकली.

त्यांनी दोरा सोडला आणि पिवळा गठ्ठा एकेक कार्ड करून तपासायला घेतला.

निबंधातले सगळ्यात भक्कम एक्केचाळीस शब्द या म्हाताऱ्या कार्डांवरचे निघाले. म्हणजे त्यांनी फिनिशची तुलना फिनिशशीच केली होती, आणि दोन्हींत विलक्षण साम्य आढळलं होतं. फिनिशमध्ये हाताला 'कॅसी' म्हणतात. नवशिके असताना त्यांनी ते 'कासी' असं लिहिलं होतं. या 'का' आणि 'कॅ'च्या फरकावरून त्यांनी एक ध्वनिनियम शोधून काढला होता आणि त्यावर सहा पानं खर्ची घातली होती. मंगोलियनमध्ये हाताला 'गार' म्हणतात हे त्यांना तोंडपाठ होतं. तरीही हा 'कासी' तिथला जुना, लुप्त झालेला शब्द असावा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"नका सांगू कोणाला," बायको हळूच म्हणाली. "कोणाला कळणार आहे? येणार कोण, तर पोस्टमास्तर. तेही झोपायला."

"मला कळलंय ना."

"तुम्हाला कळायला तीस वर्षं लागली. त्यांना आणखी तीस लागतील. तोवर आहे कोण?"

प्रूफवाल्यांनी दुपारभर याच वाक्याचा आधार घेतला. नव्वद पानं छातीशी धरून ते वाचनालयात पोचले. अकरा माणसं होती. पहिल्या रांगेत पोस्टमास्तर, शेवटच्या रांगेत बायको. त्यांनी पहिलं पान काढलं, 'भक्कम पुरावा' हे शब्द दिसले, आणि जन्मभराची खोड आडवी आली. चूक दिसल्यावर हात पेन्सिलीकडे गेलाच.

"सन्माननीय श्रोतेहो," ते म्हणाले, "फिनिश ही फिनिशची सख्खी बहीण आहे, हे मी निर्विवाद सिद्ध केलं आहे."

पोस्टमास्तरांनी एक डोळा उघडला. मग प्रूफवाल्यांनी पांढऱ्या कार्डांची सगळी हकिकत सांगितली, सहा पानी नियमासकट. लोक हसायला लागले. ऊन खाल्लेल्या पेटीपाशी तर ते स्वतःच हसले.

"मग उरलं काय?" पोस्टमास्तर आता पूर्ण जागे झाले होते.

"थोडंसं. दोन्ही भाषा शब्दाला प्रत्ययांची शेपटीमागून शेपटी जोडत जातात. शब्दात कुठले स्वर एकमेकांशेजारी बसायचे, याचे दोघींचे नियम आहेत. स्त्री-पुरुष असा भेद व्याकरणात नाही. 'माझं' म्हणायला एकीत 'मिनुन', दुसरीत 'मिनी'. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे दोघी जवळपास आपल्यासारखंच म्हणतात."

"म्हणजे आपणही त्यांचे नातलग!"

"हाच माझा पुढचा निबंध होता," प्रूफवाले म्हणाले. "तो आता लिहीत नाही."

"पण या दोघी बहिणी आहेत की नाहीत?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी नव्वद पानांत एकदाही लिहिलं नव्हतं.

लोक पांगल्यावर ते ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी बसले आणि एकेक पान बाजूला काढू लागले. बायको शेजारी उभी राहून काढलेली पानं सरळ करत होती.

"किती राहिली?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"एकोणीस."

"एकोणीस पानांची बांधणी नाही हो होत, आजोबा. कण्यावर नाव मावायला जाडी लागते. मी पिन मारून चोपड्यांच्या खणात ठेवू का? तिथे फारसं कोणी जात नाही, पण नोंद होईल."

प्रूफवाल्यांनी एकोणीस पानं टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि पुढे सरकवली. बाईंनी कोपऱ्यात पिन मारली. खट्कन आवाज झाला.

"आणखी एक मारा," ते म्हणाले. "एवढी तरी सुटायला नकोत."