नोंद जाण्याचं कारण

हौसरावांनी अर्ज हातभर लांब धरला आणि ओठ हलवत वाचू लागले. त्यांच्या बायकोने, सरूबाईंनी, दिलेला चहा स्वराजने तसाच बाजूला ठेवला.

"लागणीची तारीख लिव्ह, सविता. सोळा ऑगस्ट," अर्ज तिच्याकडे देत ते म्हणाले.

शेजारच्या उसापेक्षा पंधरा दिवस उशिराची तारीख. म्हातारा एक ऑगस्ट म्हणाला असता तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. ज्याची लागण आधी, त्याच्या उसाला तोड आधी. आणि राहू गावातल्या सगळ्या लागणीच्या नोंदी तर उडून गेलेल्या.

स्वराज साखर कारखान्याचे कॉम्प्युटर बघायचा. वह्या बंद करून नोंदी क्लाउडवरच्या मशीनमध्ये भरायच्या, हे त्याचंच डोकं. तिथे दोन प्रकारच्या डिस्क मिळत. एक कायमची, मशीन बंद झालं तरी माल जपणारी. ती वेगळी मागून जोडावी लागे. दुसरी मशीनबरोबर आयती येणारी, चपळ, पण तात्पुरती. मशीन बंद केलं की कोरी. तसा इशारा देणारी फाईलही तिच्यात होती. स्वराजने ती न वाचताच पुसली आणि नोंदी तिथेच ठेवल्या. वर्षभर मशीन चालूच राहिलं, म्हणून झाकली मूठ राहिली. मग एका शनिवारी त्यानेच गट ऑफिसातल्या ऑपरेटरला, म्हणजे सविताला, फोन केला, "दोन दिवस सुट्टी आहे, मशीन बंद करून जा."

सोमवारी नोंदी गेल्या आणि खापर सविताच्या डोक्यावर फुटलं. बंद तिने केलं, एवढंच सगळ्यांना दिसलं. साहेबांनी विचारलं तेव्हा स्वराज मूग गिळून बसला. आता नोंदी नव्याने लिहून घ्यायला तो तिच्याबरोबर दारोदार फिरत होता, म्हणे मदतीला. प्रत्येक उंबऱ्यावर त्याला आणखी लाज वाटायची, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

"इथं सही करा, आबा," सविता म्हणाली.

हौसरावांनी पेन टेकवलं आणि उचललं.

"ह्ये काय छापलंय? 'नोंद जाण्याचे कारण : ऑपरेटरची चूक.' ऑपरेटर म्हंजी तूच न्हवं?"

"व्हय."

"आन् ह्ये कागद कुणाकडं जायचं?"

"संचालकांकडं. मला ठेवायची का काढायची, त्ये ठरवायला. सगळ्यांनी केल्यात सह्या, आबा. करा."

"तारीख माझी, ती मला ठाऊक. ह्ये मला ठाऊक न्हाई." म्हाताऱ्याने अर्ज स्वराजपुढे सरकवला. "साहेब, मशीनमधलं तुमाला कळतं. आदी तुम्ही सही करा, मागनं मी करतो."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. निदान रागावता आलं असतं.

स्वराजने पेन घेतलं. 'ऑपरेटरची' हा शब्द खोडला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

"नोंदी चुकीच्या जागी मी ठेवल्या," तो कागदाकडे बघत म्हणाला. "मशीन बंद करायलाही मीच सांगितलं होतं."

हौसरावांनी नुसता हुंकार भरला आणि खाली सही केली.

"आधीचे अर्ज द्या," स्वराज म्हणाला.

सविताने पिशवीतून बेचाळीस अर्जांचा गठ्ठा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"दुसऱ्या-तिसऱ्या घरातच मागाल," ती म्हणाली, "असं वाटलं व्हतं मला, सर."