लाल दोऱ्यातली गॅरंटी

तालुक्याचे साहेब, सरकारी घरकुलांवर पत्रे घालायचं काम तुम्ही भगीरथ शेटला दिलंत आणि नंतर पाड्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. बारा दिवसांच्या लेकराचा जीव टांगणीला लागला तो तुमच्यामुळे. तोंडावर सांगतो.

अठ्ठ्याण्णव सालचा श्रावण. मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावर, बुधूच्या अंगणात बायाबापड्यांची ही गर्दी! मधोमध भगीरथ शेट. हातात पिठाची चाळणी, चाळणीत तांब्याभर पाणी, आणि खाली थेंब नाही!

"भोकं दिसतात ना?" शेट गरजला. "मंत्रानं चाळणी बांधली, तसाच पत्रा बांधला. पंधरा वर्षांच्या गॅरंटीचा कागद लाल दोऱ्यात गुंडाळून दिला. देवापुढं ठेवा, उघडू नका म्हटलं. तरी घर गळतं? म्हणजे विटाळ झालाय. बाळंतीण आहे ना घरात?"

सगळ्या माना सोमीकडे वळल्या. बुधूची बायको दारात कुडाला टेकून उभी होती, पोर छातीशी. आठ दिवस ती गळती चुकवत त्या पोराचं अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवत होती.

"मंग उपाय काय, शेट?" तिच्या सासूनं, म्हणजे चिमीनं विचारलं.

"मायलेकरं सव्वा महिना छपराबाहेर. गोठ्यात. मग बघू गॅरंटीचं."

सोमी सासूकडे वळली.

"आये, गोठ्यात नको गो. भिमावयनीचं पोर आठव."

"आठवतं ना." चिमीनं डोळ्याला पदर लावला. मागच्या पावसाळ्यात ते पोर गोठ्यातल्या गारठ्यानं तिसऱ्या दिवशी गेलं होतं. "पण देव कोपला तं सगळं घर जाईल ना गो."

शेटनं चाळणी सोमीच्या नाकासमोर धरली. "बघ! घे बघून!"

सोमीनं बघितलं नाही. तिला वास आला. तिचा बाप कड्यावरची मोहोळं काढायचा. मध विकला जायचा, मेण घरात राहायचं. त्या वासात ती वाढली होती.

अंगणातल्या चुलीवर पोराच्या आंघोळीचं पाणी खदखदत होतं. तिनं पोर सासूच्या हातात दिलं, डबा बुडवला आणि उकळतं पाणी चाळणीत ओतलं.

"अगं ए, हात लावू नको!"

शेटनं चटका बसून हात झटकायच्या आत सगळं पाणी भळकन खाली. चिखलावर पिवळट ठिपके गोठले.

"मेण हाय ते," सोमी म्हणाली. "मेणाला पाणी धरत नाय. हळू ओतलं तं बारीक भोकांवर थांबून राहतं. ऊन पाण्यानं मेण इतळलं. मंतर कुठं गेला रं?"

"चहात घालून प्याला आसंल!" म्हातारा नामा ओरडला. उभा जन्म त्यानं लोकांची कौलं शाकारली होती. शिडी लावून तो वर चढला आणि तिथूनच बोंबलला, "बुधू, खिळे पन्हळीत ठोकलेत रे! पाणी वाहतं तिकडंच भोकं! उंचवट्यावर ठोकायचे सोडून!"

बुधूनं देवापुढचा कागद आणला.

"उघडू नको, शक्ती जाईल!" शेट किंचाळला.

चौथी शिकलेल्या बुधूनं दोरा तोडला. अडखळत वाचलं, "बसवण्यात चूक असल्यास पत्रा विनामूल्य बदलून मिळेल."

एवढ्यासाठी तो कागद उघडायचा नव्हता! आणि पाड्यावरच्या बाबांनो, पाणी भोकातून गळतं. भोक कुणी पाडलं ते शिडीवर चढून बघा, बाळंतिणीकडे बोट दाखवू नका. आणि कागद पुजायला नसतो, वाचायला असतो.

शेट रस्त्यावरच्या आपल्या जीपकडे सरकला. "पाऊस उघडला की बघू."

माळशेजच्या बाजूनं काळंकुट्ट भरून येत होतं. सोमी सासूकडून पोर छातीशी घेऊन जीपच्या दारात आडवी उभी राहिली.

"गोठ्यात मी जानार नाय. खिळे काढून पत्रा आज बदलतोस का नाय? बोल!"