रुखवतातल्या अर्ध्या कृती

द्वारकावैनीने कात्री माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "चतुराबाई, तुमचं अक्षर तेवढं कापून टाका. छापील ऱ्हाऊ द्या."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिच्या लेकीचं, रूपाचं, लग्न तोंडावर आलं होतं. घरात शेवया, पापड, कुरडयांचे ढीग लागले होते आणि त्यातली एकही कुरडई माझा हात लागल्याशिवाय वाळली नव्हती. तो हात चालत होता. त्या हाताचं अक्षर मात्र चालत नव्हतं.

झालं असं, की रूपाच्या सासरचे वसमतचे पाहुणे शिकलेले निघाले. आपली पोरगीही शिकलेली दिसावी म्हणून वैनीने ठरवलं, की रुखवतात मोत्यांचं तोरण आणि विणलेले रुमाल यांच्या जोडीला पाककृतींची एक वही मांडायची. वर नाव रूपाचं. उत्तमदादाने जाड पुठ्ठ्याची वही आणून दिली. कृती मात्र माझ्या, पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं जमवलेल्या.

मी उत्तमदादाची धाकटी बहीण. माझा नवरा सेनगावला मास्तर होता. त्याने मला लिहावाचायला शिकवलं आणि पटकीच्या साथीत तो गेला. भावाच्या दारी आले ती मी चुलीपाशीच बसले. वाचायला घरात होतं काय, तर पंचांग. मग खाजा मियाच्या दुकानातून किराणा आला, की मी पुड्या सोडून त्यांचे कागद वाचायला लागले. महायुद्धामुळे कोरा कागद महागला होता. पुण्यामुंबईची रद्दी रेल्वेने हिंगोलीत यायची आणि तिच्यातच आमचं जिरं, मिरे, सुंठ बांधून मिळायचं. त्यात बायकांच्या मासिकांचीही पानं असायची. खाजा मियाची बायको खतीजाबी हिला मराठी वाचता येत नव्हतं, पण पातेल्याचं नाहीतर पळीचं चित्र दिसलं की ते पान ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची.

पण पुडीचा कागद तो पुडीचाच. अख्खी कृती कधी हाती लागली नाही. साटोरीचा खवा भाजून व्हायचा आणि 'मग त्यात' एवढं बोलून पान फाटलेलं असायचं. पुढचं मी करून बघायची, बिघडवायची, परत करायची. जमलं की फाटक्या कडेला दुसरा कागद डकवून पुढचं लिहून ठेवायची. कांदा-लसूण मला वर्ज्य, म्हणून थालीपिठासाठी रूपाची जीभ उसनी घ्यायची. ती चाखायची, मी लिहायची. अशी प्रत्येक कृती वरून छापलेली आणि खालून माझी.

"माझं कापलं तर खाली उरतं काय?" मी विचारलं.

"तुमी तोंडानं सांगा, रूपा लिहून घील."

"मंग माझं अक्षर ऱ्हायलं तर काय बिघडतं?"

"आता तुमाला काय सांगावं, बाई. शुभकार्य हाय. बघणारे बघतेत."

सांगायचं नव्हतं तरी सांगून झालं होतं. विधवेचं अक्षर नवरीच्या रुखवतात नको. मी तशीच उठले आणि ओसरीवर दादाकडे गेले. माझं सगळं ऐकून घेतलं त्याने. मग पानाला चुना लावत म्हणाला, "कोण वाचतं ते? पोरीचं लगीन हाय, चतुरा. आडवी येऊ नको."

आडवं मांजर जातं. सख्ख्या भावाच्या तोंडून हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रागात बायका भांडी आपटतात. मी कृतींच्या कागदांच्या गड्ड्या लावल्या. गोडाची वेगळी, तिखटामिठाची वेगळी, लोणच्यांची वेगळी, उपवासाची वेगळी. उपवासाची सगळ्यांत जाड झाली. वैनीने ती उचलून बाजूला टाकली. "लग्नात उपास कशाला?" म्हणाली. मला खायची मुभा होती तेवढं नेमकं वहीबाहेर गेलं, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात खतीजाबी हळकुंडांची पुडी घेऊन आली. कात्री बघून ती दारातच थांबली.

"हे काय करून राहिल्या, बाई? मी पान पान जमवून दिलं, ते काहून कापता?"

मी सांगितलं. ती खाली बसली.

"माझा पयला मालक गेला, तवा माझ्याच भावानं माझा दुसरा निकाह लावला," ती म्हणाली. "तुमच्यात जित्या बाईला काहून मारून ठेवतेत?"

ती गेली आणि मी कात्री उचलली. अक्षर कापा म्हणाली होती ना वैनी? मी कापलं. शब्दाबाहेर गेले नाही. प्रत्येक कृतीखालचं माझं लिहिणं कापून डब्यात ठेवलं आणि छापील तुकडे खळ लावून वहीत ओळीने डकवले, मध्ये बोटभरही जागा न सोडता. रूपा टाक-दौत घेऊन लिहून घ्यायला आली.

"आत्या, सांगता ना?"

"इसरले मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि टाक पुसून ठेवला. आईजवळ ती काही बोलली नाही. वैनीला वाचता येत नव्हतं. पानं भरलेली दिसली, तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

लग्नाच्या दिवशी मी आत चुलीपाशी होते. मांडवात माझं काम नव्हतं. रुखवताभोवती बायका जमल्याचं पडद्यातून ऐकू येत होतं. विहीणबाईंनी वही उचलली आणि कौतुकाने मोठ्याने वाचायला घेतली.

"'खवा मंद आचेवर भाजावा. मग त्यात.' मग त्यात काय?" पान उलटल्याचा आवाज आला. "'थालीपिठाला कांदा बारीक चिरून.' हेबी अर्धंच? सूनबाई सैपाक अर्ध्यात सोडून उठतात का काय?"

बायका हसल्या. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पडद्याच्या फटीतून रूपाची खाली गेलेली मान दिसली आणि ते बरं वाटणं गेलं. त्या पोरीने माझं काय वाईट केलं होतं?

तेवढ्यात वैनीचा आवाज आला. "ते व्हय, आमच्या आतल्या सैपाकणीला ठावं असंल. विचारून सांगते."

सैपाकीण. इतकी वर्षं त्या घरात राबून मला निदान बहीण म्हणवून घ्यायला मिळत होतं. परक्यांसमोर तेही काढून घेतलं. पगार नसलेली सैपाकीण.

मी डबा उचलला आणि पडदा सारून मांडवात गेले. बायका पदर सावरत बाजूला झाल्या. विहीणबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. पलीकडून दादा तरातरा आला.

"चतुरा, आत जा."

"जाते. आधी हे पुरं करते." मी विहीणबाईंकडे वळले. "मी सैपाकीण न्हाई. ह्यांची सख्खी भईण हाय, नवरीची आत्या. ह्या वहीतलं अर्धं पुण्यामुंबईचं हाय, अर्धं माझं. माझं कापाय लावलं, म्हणून तुमाला अर्धंच भेटलं."

दादाने मान फिरवली. विहीणबाईंच्या हातात वही तशीच उघडी होती. रूपा पाटावरून उठली, मुंडावळ्या सावरत त्यांच्याजवळ गेली आणि ती वही तिने आपल्या हातात घेतली. पान शोधलं.

"'खवा मंद आचेवर भाजावा. मग त्यात,'" तिने वाचलं आणि माझ्याकडे बघून ती थांबली.

मी डब्यातून साटोरीचा तुकडा काढला. खणखणीत आवाजात वाचायला लागले. "'मग त्यात लगेच साखर घालू नये. खवा पुरा निवू द्यावा. गरम खव्यात साखर घातली की सारण पातळ होतं आणि साटोरी फुटते.'"

"बास झालं, चतुराबाई," वैनी दातओठ खात म्हणाली.

बास झालं नव्हतं. मी दुसरा तुकडा काढला.