अकरावं कलम

"खेळायच्या दाखल्यावर सही नाही करू शकत मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला.

पडद्यावर भूमिकाच्या मेंदूचा राखाडी फोटो होता. बाईंनी डाव्या बाजूला पेनाचं टोक टेकवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

"हा जुना रक्तस्राव आहे. तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल. आपोआप थांबला, हे नशीब. पुन्हा डोक्याला जोरात मार बसला तर थांबेलच असं नाही."

"माह्यं डोकं नाही दुखत," भूमिका म्हणाली.

"दुखायलाच हवं असं नसतं."

शेजारी तिचे वस्ताद वामनराव बसले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर म्हणून राबलेला, त्याआधीचा तालमीतला गडी. त्यांची नजर त्या डागावरून हलेना. तीन-चार वर्षांपूर्वी म्हणजे कामठी रोडवरच्या लग्नाच्या लॉनवरची लढत असेल, नाहीतर ती गोदामातली. दोन्ही ठिकाणी ती पडली होती. दोन्ही ठिकाणी कोपऱ्यात तेच उभे होते, आणि तेच तिला म्हणत होते, "उठ वं, उठ."

कुस्ती, मुठी, लाथा, सगळं एकत्र करून जाळीच्या पिंजऱ्यात लढायचा हा खेळ. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. तिकीट लावून अशा लढती भरवायला राज्यात परवानगी नव्हती. त्यामुळे अर्जावर 'योगासने व स्वसंरक्षण प्रात्यक्षिक' असं लिहायचं आणि पोलीस येईपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या लढती उरकायच्या. भूमिका चौदा वर्षांची असताना वामनरावांच्या टिनाच्या शेडमध्ये शिकायला आली. बाप नव्हता. आई रंभाबाई कळमन्याच्या बाजारात संत्री निवडायला जायची. पोरीला हाणायचं कसं ते लवकर आलं, आणि सोसायचं कसं ते त्याहून लवकर.

दोन वर्षांपूर्वी सौरव गेला. त्याच शेडमधला, तेवीस वर्षांचा. लढत जिंकून खाली उतरला, उसाचा रस प्यायला, आणि ऑटोत बसल्यावर उलटी करून वामनरावांच्या मांडीवर आडवा झाला. लढतीच्या जागी डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोकांना वाटलं, आता वामनराव शेडला कुलूप लावतील. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. ते सांगायचे आणि भूमिका मोबाइलवर टाईप करायची. या खेळाला परवाना द्या ही मागणी, आणि त्याखाली नियमांची एकूण चौदा कलमं. त्यातलं अकरावं होतं मेंदूच्या तपासणीचं. हिवाळी अधिवेशनात त्यांना समितीपुढे पाच मिनिटं मिळाली. इस्त्रीचा शर्ट घालून गेलेले वामनराव तिथे एवढंच बोलले, "साहेब, बंदी घातल्यानं हे बंद नाही होत. लपून होते. लपून झालं की पोरगं मरते. उजेडात आणा, अन् डोक्याचा फोटो काढल्याशिवाय कोणाले आत सोडू नका."

यंदा नियम झाले. अकरावं कलम जसंच्या तसं आलं होतं. शहरातल्या पहिल्या परवानाधारक स्पर्धेची पोस्टरं लागली, आणि व्हरायटी चौकातल्या मोठ्या पोस्टरवर मुठी बांधलेली भूमिका होती. 'पोरगी योगाला जाते' असं पंधरा वर्षं ऐकत आलेल्या रंभाबाईंना तेव्हा खरं कळलं. त्या दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातल्या चार बायांना घेऊन त्या व्हरायटी चौकात गेल्या आणि पोस्टरखाली उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिका शेडमध्ये आली. वामनराव चटया झटकत होते. तिनं एक कागद त्यांच्यापुढे धरला.

"दुसऱ्या गावचा एक डॉक्टर आहे. तो तपासणीचा दाखला देते. फक्त वस्तादाची सही लागते, की पाच वर्षांत डोक्याले मोठा मार नाही लागला म्हणून."

वामनरावांनी कागद वाचला आणि परत दिला.

"मी नाही करत."

"काहून?"

"तुले माहीत आहे."

"सौरव गेला म्हणून मी घरी बसू?" ती हळूच बोलली. तिला आवाज चढवायची सवय नव्हती. "पंधरा वर्षं झाली वस्ताद. चोरावानी खेळली मी. पोलीस आले तं भिंतीवरून उडी टाकून पळाली. जिंकली तरी मायले सांगता नाही आलं. आता कुठं नाव छापून आलं. एकच खेळतो. एक झाली की सोडून देतो, तुमची शपथ."

"एकच पुरते बेटा. सौरवले एकच पुरली."

"मग तेव्हा काहून नाही काढला फोटो? तेव्हा तं तुम्हीच उठ वं, उठ म्हणत होते."

वामनरावांनी हातातली चटई खाली ठेवली. रात्रभर त्यांनी स्वतःला हेच विचारलं होतं.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुले तेव्हाच बाहेर काढायले पायजे होतं. मले वाटलं तू जिंकशीन."

ती आणखी काही ऐकायला थांबली. मग तिनं कागदाची घडी घातली, ती पुन्हा उघडली, आणि पुन्हा घातली.

"अकरावं कलम मीच टाईप केलं होतं," ती म्हणाली. "मी 'तपासणी करावी' लिहिलं होतं. तुम्ही म्हणले, 'केलीच पाहिजे' लिही."

"हो."

दारातून जाताना ती रोज 'येतो वस्ताद' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

चार दिवसांनी रंभाबाईच शेडवर आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"वामनभाऊ, खरं सांगा. पोरगी म्हणते हात मोडला, म्हणून खेळत नाही. अन् त्याच हातानं भाकरी थापून राहिली."

वामनरावांनी सगळं सांगितलं. फोटो, डाग, सही. आपण कोपऱ्यात उभे होतो, तेही सांगितलं. रंभाबाई ऐकून घेत होत्या. संत्री निवडून निवडून पिवळी पडलेली बोटं त्यांनी पदराला पुसली.

"जिवंत तं राहते ना ती?"

"राहते. मार नाही बसला तं काही होत नाही."

"मग तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. दाराकडे वळताना म्हणाल्या, "पण पाच दिवस झाले, जेवून नाही राहिली ती. तुम्ही येऊ नका घरी. तुमाले पाहून तिले अजून तरास होईन."

भूमिकाच्या जागी रितिकाचं नाव लागलं. तीही वामनरावांच्याच शेडमधली, बावीस वर्षांची. तिच्या डोक्याचा फोटो स्वच्छ आला होता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता स्पर्धा सुरू झाली. सभागृह भरलं होतं. दारावर पोलीस होते, पण ते गर्दी आवरायला. फाटकाशी रुग्णवाहिका उभी होती, चालक आत बसून पेपर वाचत होता. पिंजऱ्याला लागून डॉक्टरांचं टेबल होतं. समितीपुढे मागितलेली एकेक गोष्ट वामनरावांना समोर दिसत होती. एक आमदार येऊन त्यांच्या हातात गुलाबाचं फूल देऊन गेले. त्यांनी ते पाण्याच्या बादलीशेजारी ठेवलं.

रितिकाच्या हातांना पट्ट्या बांधून झाल्या. तिला पिंजऱ्यात सोडून ते मागे वळले, तेव्हा त्यांना मायलेकी दिसल्या. बऱ्याच मागच्या रांगेत, तिकीट काढून बसलेल्या. रंभाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. शेजारी भूमिका होती, पंजाबी ड्रेसमध्ये, केस मोकळे. एवढ्या वर्षांत वामनरावांनी तिला मोकळ्या केसांत पाहिलं नव्हतं. ती आईच्या कानाशी वाकून पिंजऱ्याकडे बोट दाखवत होती, काहीतरी समजावून सांगत होती. पंच कुठला, वेळ किती, असंच काही असेल.

घंटा झाली.

वामनरावांनी कोपऱ्यातून सांगायला हवं ते सांगितलं, हात वर ठेव, मागे सरक. रितिका चांगली खेळत होती. पण मध्येच त्यांची नजर मागे गेली आणि तिथेच राहिली.

भूमिका आता आईशी बोलत नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या तिची हनुवटी छातीकडे खाली आली होती आणि डावा खांदा वर चढला होता. आत पिंजऱ्यात ठोसा सुटला की तिचं डोकं इंचभर बाजूला सरकत होतं. प्रत्येक ठोशाला, अगदी वेळेवर. रंभाबाई समोरच बघत होत्या. समोर बघतच त्यांनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि लढत संपेपर्यंत तो तसाच राहू दिला.