राणीचा उन्हाळी झगा

“हात वर कर बघू,” ओठांत टाचण्या धरूनच थोरली म्हणाली.

“ताई, हा झगा आहे की मच्छरदाणी?” धाकटी हसली.

धाकटी जुन्या राजवाड्यात नोकरीला होती, राणीचं सोंग घ्यायची. जाड अस्तराचा, गळाबंद मखमली झगा घालून दिवसभर अंगणात उभं राहायचं, बघायला येणाऱ्यांबरोबर फोटो काढून घ्यायचे. तो झगा थोरलीनेच शिवला होता, जुन्या चित्रातल्यासारखा हुबेहूब. तेव्हा सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. ऊन तापू लागलं तशी धाकटी घरी येऊन उलट्या करू लागली.

थोरलीने राजवाड्याच्या व्यवस्थापकांकडे खेटे घातले. शेवटी ते वैतागून म्हणाले, “लांबून मखमलच वाटली पाहिजे. मग शिवा काय शिवायचं ते.”

तिने मलमल गडद रंगवून आणली. अस्तराला फाटा दिला, चुण्यांच्या आड वारा खेळेल अशा फटी ठेवल्या, मखमल फक्त काठाला लावली.

“हा शिवून होईपर्यंत रजा घे ना,” थोरली म्हणाली.

“रजा घेतली तर दुसरी राणी उभी करतील. तू शीव गं, मी काढते कळ.”

बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या, तेव्हा निरोप आला. धाकटी अंगणात कोसळली होती. पाठीवरची बटणं सुटता सुटेनात, त्यात वेळ गेला, असं पहारेकरी सांगत होता. ती बटणं थोरलीनेच घट्ट बसवली होती. थोरली दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी व्यवस्थापक घरी आले. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले.

“बाई, तो हलका झगा... झालाय का? नवी मुलगी ठेवलीय.”

थोरलीच्या जिभेवर शिव्या आल्या.

“सध्या काय घालते ती?”

“तोच. मखमलीचा. धुऊन घेतलाय.”

तिने शिव्या गिळल्या आणि मशीन पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच झगा घेऊन गेली. मुलगी अंगाने बारीक होती. थोरलीने तिथेच बसून कंबर आत घेतली.

“मावशी, किती हलका! अंगावर काही आहे असं वाटतच नाही.”

“हं.” थोरलीने पाठीमागचे बंद बांधले, एका ओढीत सुटतील असे. “गरगरलं तर सोसत उभं राहायचं नाही. मला हाक मारायची.”

“तुम्ही थांबणार इथं?”

मुलगी उन्हात गेली. थोरली तांब्याभर पाणी घेऊन सावलीतल्या पायरीवर बसली आणि फाटक बंद होईपर्यंत तिथून हलली नाही.