सावलीतल्या आठ जागा

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर अठरा बाया देठ खुडतात आणि हिरव्या जाळीची सावली पुरते आठच जणींना. पहिल्या आठ जागा सावलीत, बाकी उन्हात. कोणी कुठे बसायचं ते मुकादम नवनीत ठरवायचा. माझी आई रमिलाबाई एकदा त्याला तोंडावर बोलली, तेव्हापासून ती कायम उन्हात. मग बायांनी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, पण चिठ्ठ्यांचा डबा त्याच्याच हातात!

मी कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला. मोठी फुशारकी मारली, की नावं माझा मोबाईल काढेल, कोणाचा हातच नको.

नवनीत हसला. "ठीक शे, रविना. पण गडबड व्हयनी तं परत मी सांगसू तेच."

बाया भोवती जमल्या. मी बटण दाबलं. पहिली जागा, रमिलाबाई. आई खूश. दुसरी जागा, रमिलाबाई. तिसरी, रमिलाबाई. अठराच्या अठरा!

"पोरनी मायले आख्खी पथारी दिधी!" नवनीत ओरडला. बाया हसल्या. त्याचं मला काही नाही, पण त्यांच्यातली रुखमाबाई हसली नाही. "आपली मायनंच नाव भरं का वं?" म्हणाली. ते मात्र झोंबलं. आईकडे बघवेना.

मी दहा मिनिटं मागून घेतली. मी लिहिलेला कोड अकरा ओळींचा, चार वेळा वाचला, चूक काही सापडेना. आई चिठ्ठ्यांचा डबा घेऊन शेजारी बसली. "माले सांग, तुन्हा मोबाईल चिठ्ठी कशी काढस?"

मी चिडूनच वाचायला लागले. "पहिले एक नाव काढानं." आईने डब्यातून एक चिठ्ठी काढली. "मंग अठरा डाव जागाना नंबर नि नाव सांगानं."

आईने मला तीच चिठ्ठी दाखवली. परत तीच. तिसऱ्यांदा दाखवायच्या आत मी किंचाळले. नाव काढायची ओळ लूपच्या, म्हणजे अठरा वेळा फिरणाऱ्या भागाच्या, बाहेर राहिली होती! मोबाईलने हात एकदाच घातला आणि तेच नाव अठरा वेळा वाचलं. मी ओळ उचलून लूपच्या आत नेली.

आईने हातातली चिठ्ठी डब्यात टाकली आणि पुन्हा काढायला गेली.

"निघेल चिठ्ठी परत टाकानी नही, माय!" मी म्हणाले आणि स्वतःच दचकले. कोडमध्येही निघालेलं नाव यादीतून वगळायला हवं होतं. आणखी एक ओळ लिहिली.

बटण दाबलं. पहिली जागा, रुखमाबाई. दुसरी, तापीबाई. मग एकेक नवं नाव. बाया बोटांवर मोजत होत्या, नवनीतही मोजत होता. सतरा झाली, एकही नाव दुसऱ्यांदा आलं नाही.

अठरावी जागा, रस्त्याकडेची, भर उन्हातली. रमिलाबाई.

आईने पाटी उचलली, पदर डोक्यावर घेतला आणि वरमाईच्या थाटात जाऊन त्या जागेवर बसली.

"आजनं ऊन मन्हा नशीबनं शे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "नवनीतनं नही!"

रुखमाबाईने नवनीतच्या डोळ्यांदेखत माझ्याजवळचा डबा उचलला, चिठ्ठ्या झटकून टाकल्या आणि त्यात पिण्याचं पाणी भरून आईजवळ नेऊन ठेवलं. जाता जाता मला म्हणाली, "रोज तूच काढजो वं."