पिवळी चौकट

एका घरात दोन सवती आणून बसवल्या की काय होतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. माझ्या नवऱ्याने त्या वेबसाइटवर आणून बसवल्या, आणि वर मलाच म्हणाला, तुला यातलं काही कळत नाही.

वेबसाइट त्याची स्वतःची, मधुमेहावरची. त्याची धाकटी बहीण, आमची चिमी, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. तिच्या अंगात ते तयारच होत नव्हतं, सुई चुकली तर जीवावर बेतायचं. ती नोकरीला दुसऱ्या गावी एकटी राहायला गेली तेव्हा याने डॉक्टरांना विचारून विचारून तिच्यासाठी लिहायला घेतलं. प्रवासात इन्सुलिन गार कसं ठेवायचं, ताप आला तर काय करायचं, असलं सगळं. पुढे परकी माणसंही वाचायला लागली. साइट चालवायला खर्च येतो, म्हणून याने जाहिराती घेतल्या. पानावरचे शब्द वाचून त्यांना जुळेल ती जाहिरात आपोआप लावणारी एक मोठी कंपनी होती, तिच्या. साखर तपासायचं मशीन नाहीतर पायमोजे, असलं काहीतरी यायचं. भोवती काळी रेघ आणि वर 'जाहिरात' असा शब्द.

घरच्यांनी आपल्याच जाहिरातीवर बोट लावलं की कंपनी खातं बंद करते. त्यामुळे याने आम्हाला बजावून ठेवलं होतं, काळी रेघ दिसली की हात मागे घ्यायचा. चिमीकडून तर त्याने ते पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, अशी पोरगी ती.

मग दुसरी कंपनी आली, पहिलीची प्रतिस्पर्धी. काम तेच, शब्द वाचायचे आणि जाहिरात लावायची, फक्त हिला कुठलाच विधिनिषेध नव्हता. जो पैसे देईल त्याची जाहिरात. याला वाटलं, दोघींना एकाच पानावर ठेवू, त्यांची चढाओढ आपल्या पथ्यावर पडेल. पहिलीची अट एवढीच होती, की शेजारी दुसऱ्या कुणाची जाहिरात ठेवलीत तर ठेवा, पण ती आमच्यासारखी दिसता कामा नये.

तर या शहाण्याने काय करावं? दुसरीची काळी रेघ काढली, 'जाहिरात' हा शब्दही काढला आणि तिला फिक्या पिवळ्या चौकटीत बसवलं. त्याच्या स्वतःच्या सूचना तो तशाच पिवळ्या चौकटीत लिहायचा.

"अरे, हे तूच लिहिलंयस असं वाटतंय," मी म्हटलं.

"वाचणाऱ्याला कळतं गं. लोक काय दूधखुळे आहेत?"

"मला नाही कळलं."

"तुझं सोड."

माझं सोडलं त्याने.

त्याच सुमारास चिमीने फोनवर रडून घेतलं होतं, दादा, सुया टोचून टोचून कंटाळा आलाय रे. त्याने तिच्यासाठी एक पान लिहिलं, सुईचा कंटाळा येणाऱ्यांसाठी. फार मायेने लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कंपन्यांना माया वाचता येत नाही. त्यांनी सुई, इन्सुलिन, कंटाळा एवढेच शब्द उचलले. पहिलीने बारीक सुयांची जाहिरात लावली. दुसरीने पिवळ्या चौकटीत एक पावडर लावली. सुई हळूहळू कमी करा, मग कायमची बंद करा. मळमळेल, झोप येईल, घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय.

आम्हाला कळलं ते चिमीच्या घरमालकिणीच्या फोनवरून. पोरगी ओकत होती, धापा टाकत होती आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. आम्ही पोचलो तोवर तिला दवाखान्यात हलवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इन्सुलिन बंद करायला हिला कुणी सांगितलं? याने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून घरमालकिणीला तिच्या खोलीत सापडलेला पावडरीचा डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याला तो लगेच ओळखू आला.

सलाइनवर ती मधे थोडा वेळ शुद्धीवर आली. आवाज अगदी खोल गेला होता.

"माझंच चुकलं असेल रे," ती त्याला म्हणाली. "एखाद वेळी पावडर घ्यायची राहिली असेल. तू लिहिलं होतंस तसं सगळं नीट केलं होतं मी."

हा तिचं पांघरूण सारखं करत राहिला. मला इतका राग आला की मी त्याचा दंड धरून त्याला पुढे ढकललं. म्हटलं, सांग तिला. माझ्या देखत सांग.

"चिमे, ते मी लिहिलं नव्हतं. ती जाहिरात होती."

"जाहिरातीला काळी रेघ असते," ती म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला हळूहळू उमगलं. "मग इतके दिवस मी वाचलं त्यातलं तुझं कुठलं, दादा?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिच्या मेंदूला सूज चढत होती, आणि ती उतरली नाही. पहाटे गेली.

घरी आल्यावर याने दोन्ही कंपन्या काढून टाकल्या. आता काढून काय उपयोग, असं मी म्हटलं नाही. जेवत नव्हता, नुसता साइटसमोर बसून राहायचा. मला त्याची कीव यायची, आणि कीव आली की पुन्हा संताप यायचा. चिमीचं स्वयंपाकघरातलं हसणं कानात घुमायचं आणि वाटायचं, याला गदागदा हलवावं.

एका सकाळी त्याने मला हाक मारली. वाचकांचे निरोप येतात तिथे एक निरोप होता, कुणा आईचा. 'दादा, तुमच्या पिवळ्या चौकटीतली पावडर आता दिसत नाही. मुलीचा डबा संपत आलाय. तुमच्या भरवशावर सुई पूर्ण बंद केली. कुठे मिळेल?' खाली नंबर होता.

"काय लिहू?" तो म्हणाला.

"लिहितोस काय? फोन लाव," मी म्हटलं.

त्याने फोन माझ्यापुढे सरकवला, म्हणून मीच नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून बाईने उचलला. याने नाव सांगितल्यावर ती केवढी खूश झाली.

"अहो, तुम्ही स्वतः फोन केलात? थांबा, तिलाच देते, तुमचं सगळं वाचून दाखवते मी तिला. अगं ऊठ, कुणाचा फोन आहे बघ." मग जरा थांबून, हसतच म्हणाली, "उठत नाहीये हो. काल ओकली ना, तेव्हापासून नुसती झोपूनच आहे."